गुळाची परीक्षा कुठे व्हावी?

पश्चिम भारतातला कापूस एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात ज्या नावांनी विकला जाई, त्यांतली बरीचशी नावे बंदरांची होती. गुजरातेतून आणि त्याच्या आसपासच्या मुलखातून आलेला माल सरसकट ‘सुरती’ म्हणून ओळखला जाई. धारवाड-हुबळीच्या काळ्या रानात पिकणाऱ्या देशी कापसाला ‘कुमठा’ म्हणत, कारण तो सह्याद्रीचे घाट उतरून कुमठ्याच्या बंदरातून मुंबईकडे रवाना होत असे. पिकवणाऱ्या गावाचे आणि कुळाचे नाव त्या वाटेवर कुठेतरी गळून पडे, आणि मालाला कीर्ती मिळो वा बदनामी, ती बंदराच्या नावाने जमा होई. मालाची पारख शेवटच्या टोकाला करायची, दोष सापडला की तो साऱ्या मुलखाच्या माथी मारायचा आणि त्याची किंमत सर्वांत पहिल्या टोकाला असलेल्या माणसाकडून वसूल करायची, या पद्धतीचा पाया त्या काळात घातला गेला. त्याच पायावर आज कोल्हापूरच्या गुळाचा व्यापार उभा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि हा पाया बदलता येतो असेही मला वाटते.

कापसातल्या भेसळीविरुद्ध मुंबई इलाख्यात पहिला नियम १८२९ मध्ये झाला आणि १८५१ मध्ये तो रद्द करण्यात आला. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडकून पडला आणि लँकाशायरच्या गिरण्या ओस पडू लागल्या, तेव्हा इंग्लंडला हिंदुस्थानच्या कापसाची खरी निकड भासली. मुंबईत कापसाचे भाव असे चढले की त्या पैशावर बँका आणि कंपन्या उभ्या राहिल्या, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळल्याही. या धुमश्चक्रीच्या ऐन मध्यावर, १८६३ मध्ये, मुंबईच्या विधिमंडळाने कापसातील लबाडीविरुद्ध नवा कायदा केला. त्याने निरीक्षक नेमले, गासड्या बांधणाऱ्या प्रेसना परवाने सक्तीचे केले, प्रत्येक गासडीवर प्रेसची खूण हवी असा दंडक घातला, भेसळीचा माल विकणे किंवा विकायला काढणे हा फौजदारी गुन्हा ठरवला आणि या सगळ्या यंत्रणेचा खर्च कापसावर शुल्क बसवून भागवला. म्हणजे ज्याने मनापासून स्वच्छ कापूस वेचला, त्याच्या मालानेही लबाडाला पकडण्याचा खर्च सोसला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. भेसळ खरोखरच होत होती. आपल्याकडे वसाहतकाळाविषयी लिहिताना अशा आरोपांना ‘गोऱ्यांनी केलेली बदनामी’ म्हणून मोडीत काढण्याची सवय आहे, आणि ती मला मान्य नाही. वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारले जाई, सरकी आणि पाचोळा तसाच ठेवला जाई, वाळू-माती मिसळली जाई, आणि चांगल्या धाग्याच्या कापसात आखूड धाग्याचा कापूस बेमालूम घातला जाई. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला होईपर्यंत हा माल आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्महिने जहाजाच्या पोटात राही, आणि ओल्या कापसाची दाबून बांधलेली गासडी तेवढ्या प्रवासात आतून तापून कुजे. लँकाशायरच्या एका प्रार्थनासभेत ‘देवा, आम्हाला कापूस दे’ अशी विनवणी चालली असता मागून कुणीतरी ‘पण सुरती नको’ असे म्हणाला, ही आख्यायिका त्या काळापासून सांगितली जाते. त्या कामगाराची चीड खरी होती. तुटक धाग्याने त्याची मजुरी बुडत होती.

परंतु भेसळ का होते, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने चुकीच्या जागी शोधले. पीक उभे असतानाच सावकाराकडे गहाण पडलेल्या कुळाला वेचणी वेळेवर आणि कोरड्या हवेत करून मिळण्यासारखे काही नव्हते, कारण त्याचा भाव आधीच ठरलेला असे. गावचा व्यापारी तो माल पुढच्या व्यापाऱ्याला देई, तो सरकी वेगळी काढणाऱ्या जिनवाल्याला, तो प्रेसवाल्याला, तो मुंबईच्या दलालाला, आणि या साखळीत स्वच्छ कापसाला वेगळा भाव देणारा कुणी भेटत नसे. धारवाडकडे सरकारने मोठ्या हौसेने अमेरिकन जातीचा कापूस रुजवला, त्यासाठी करवती जिन आणले; आणि त्या कापसाचे नाव होताच त्यात कुमठा मिसळला जाऊ लागला, कारण मिसळलेल्या मालालाही जवळपास तेवढेच पैसे मिळत होते. ज्या बाजारात चोख आणि हिणकस यांचा भाव एक, तिथे चोख माल करणारा माणूस दरवर्षी तोटा सोसतो, आणि एक दिवस तोही बाकीच्यांसारखा वागू लागतो. निरीक्षक कितीही करडा असला तरी तो हे गणित बदलू शकत नाही. मुंबईच्या व्यापारी वर्तुळात या कायद्यावर वर्षानुवर्षे वाद चालला, १८७८ मध्ये त्याचे रूप बदलले आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो गुंडाळला गेला. कापूस सुधारला म्हणून कायदा गेला, असे मात्र कुणालाही म्हणता आले नाही.

तपासणीची नजर कोणत्या बाजूला वळलेली होती, हेही पाहण्यासारखे आहे. ज्या वर्षांत आपला कापूस बंदरात फोडून पाहिला जात होता, त्याच वर्षांत मँचेस्टरहून येणाऱ्या कापडात खळ आणि चिनी माती भरून त्याचे वजन वाढवले जात होते. चांगला कापूस महाग झाला म्हणून तिथल्या गिरण्यांनी हलक्या कापडाला खळीने जाडी आणली. ते कापड बोटीतून येताना त्यावर बुरशी धरे आणि पहिल्या धुण्यात त्याचे खरे स्वरूप कळे. खुद्द इंग्लंडमध्ये विणकरांनी १८७० च्या दशकात या खळीच्या धुळीविरुद्ध गाऱ्हाणी केली होती. आपल्याकडे १८८९ च्या व्यापारचिन्हांविषयीच्या कायद्याने कापडावर लांबीचा शिक्का असावा असा नियम केला, आणि तो उपयोगी होता. पण विकत घेतलेल्या लुगड्यात कापूस किती आणि माती किती, हे तपासण्यासाठी १८६३ च्या धर्तीवरचा फौजदारी कायदा कधी झाला नाही. माल कुणाच्या घरात जायचा आहे, त्यावर त्याची शुद्धता किती मोलाची हे ठरत होते. माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा याच वाक्यात आहे.

कोल्हापूरकरांच्या दृष्टीने या इतिहासाला आणखी एक पदर आहे. करवीर हे संस्थान होते. मुंबई विधिमंडळाचा कायदा इथे आपोआप लागू होत नव्हता, पण इथला माल जिथे उतरायचा तिथे तो लागू होता. पन्हाळा, राधानगरी, भुदरगडकडचा माल बैलांच्या पाठीवर किंवा गाड्यांतून फोंडा आणि आंबा घाटांनी खाली उतरे आणि राजापूर, खारेपाटण, वेंगुर्ला यांसारख्या बंदरांतून गलबतांनी पुढे जाई. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाल्यावर मालाची वाट बदलली, तरी तिचे शेवटचे टोक मुंबईचे बंदरच राहिले. ज्या नियमाने आपल्या मालाचे भवितव्य ठरणार, तो नियम करणाऱ्या सभेत आपला माणूस नाही, आपल्या राजाचाही नाही, ही स्थिती संस्थानी मुलखाने अनुभवली आहे. म्हणूनच १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली, ती घटना मला फार दूरदृष्टीची वाटते. गुळाला जवळ बाजार मिळाला, आणि ज्याने माल केला तो माणूस निदान सौद्याच्या वेळी समोर उभा राहू लागला. भाव ठरण्याची जागा बंदरापासून उचलून पिकाच्या जवळ आणणे, हे काम कोणत्याही निरीक्षकापेक्षा मोठे असते.

इंग्रजी अंमलातही ही जाण अगदीच नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वऱ्हाडात १८९७ च्या कायद्याने कापूस आणि धान्याचे बाजार नियमांखाली आले, १९२७ मध्ये मुंबई इलाख्याने कापूस बाजारांचा कायदा केला. त्यामागे मँचेस्टरला स्वच्छ कापूस मिळावा हा हेतू होताच. तरी खोटे वजन, वजनात मनमानी घट धरणारा कडता आणि दलालीच्या नावाखाली होणारी कापाकापी यांना आळा घालण्याची सोय शेतकऱ्याच्या वाटेत आली, बंदराच्या धक्क्यावर नव्हे. १९३७ मध्ये शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा आला आणि ‘ॲगमार्क’चा जन्म झाला. पण त्या कायद्याखाली सक्तीची प्रतवारी प्रथम आली ती सणाचा तंतू आणि तंबाखू यांसारख्या निर्यातीच्या मालाला. निपाणीच्या पट्ट्याशी सोयरिकी असलेल्या आपल्या भागाला तंबाखूचे ते दिवस ऐकून तरी ठाऊक आहेत. परदेशी जाणाऱ्या मालाला सक्ती आणि देशात खपणाऱ्या मालाला मर्जी, हा भेद स्वातंत्र्यानंतरही पुसला गेला नाही. १८६३ च्या कापूस कायद्याला बरोबर १०० वर्षे झाली त्या साली, १९६३ मध्ये, आपल्या संसदेने निर्यातमालाच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आणि तपासणीचा कायदा केला. त्या कायद्याची गरज होती, त्याने देशाची पत राखली, हे मला मान्य आहे. खंत एवढीच आहे की पत सांभाळायची ती बाहेरच्या गिऱ्हाइकापुढे, ही जुनी धारणा त्यात न बदलता उतरली.

आता गुळाकडे येतो. माझ्या मामांचे गुऱ्हाळ पन्हाळा तालुक्यात होते आणि माझ्या लहानपणीचे बरेचसे हिवाळे त्या चुलवाणाच्या उबेत गेले. गुळव्या काहिलीशेजारी उभा राही, पाकाचा थेंब पाण्याच्या वाटीत टाकून बोटांनी त्याची गोळी वळून पाही आणि ती गोळी काठावर आपटून तिच्या आवाजावरून काहिल उतरवायची की अजून थोडा जाळ द्यायचा ते ठरवी. मळी वर यावी म्हणून रानभेंडीची खोडे ठेचून तिचा चिकट रस काहिलीत घालत. मळी काढणारा माणूस त्या फेसावरून क्षणभरही नजर हलवत नसे. वाफ्यात ओतलेला पाक घोटून घट्ट होऊ लागला की तो फडके लावलेल्या साच्यात भरायचा, आणि सकाळी तिथे ३० किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, तयार असायचा. त्या गुळाचा रंग तांबूस असे. उसाची जात, जमिनीतला खार, पाण्याची प्रत आणि तोडणीची वेळ, या सगळ्यांचा हिशेब त्या रंगात उतरलेला असे. त्यामुळे दोन गावांच्या गुळाचा रंग सारखा निघत नसे आणि त्यात कुणाला काही वावगेही वाटत नसे.

बाजाराला मात्र वाटले. कोल्हापूरचा गूळ मोठ्या प्रमाणावर गुजरातेत जातो, तिथे तो शीतगृहात ठेवून वर्षभर विकला जातो, आणि त्या गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा असतो. सौद्यात रव्याची चकती काढून पाहिली जाते ती मुख्यतः रंगासाठी आणि कणासाठी. फिका रंग म्हणजे वरचा भाव, तांबूस म्हणजे पडता भाव, हे समीकरण रूढ झाले आणि गुऱ्हाळात हायड्रॉस या रसायनाची पुडी आली. हायड्रॉसने रस झटकन उजळतो, पण गंधकाचा अंश गुळात उरतो, आणि उजळलेला रंग काही दिवसांत पुन्हा काळवंडू लागतो. अन्नसुरक्षेच्या नियमांत गुळातील सल्फर डायऑक्साईडची मर्यादा दहा लाख भागांत ७० भाग इतकी आहे. ही मर्यादा कागदावर आहे. सौद्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, तिचा उल्लेखही नसतो. भेंडीच्या रसाने मळी काढणारा आणि पुडी ओतणारा, दोघेही एका ओळीत रवे लावून उभे राहतात, आणि दुसऱ्याला भाव अधिक मिळतो. १८६३ च्या कापसाची गोष्ट इथे शब्द बदलून पुन्हा घडते आहे. भाव ज्या गुणाला मिळतो तोच गुण माल करणारा वाढवत नेतो, आणि आपण भाव दिला आहे तो डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाला.

तपासणी शेवटच्या टोकाला ठेवल्याने काय होते, हे मी जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या आणि ओळखीतल्या काही तरुण शेतकऱ्यांनी रसायन न घालता केलेला गूळ एका निर्यातदारामार्फत आखाती देशात पाठवायचे ठरवले. माल उत्तम होता. तो साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर कापून बंदरावर पोहोचला आणि तिथे नमुन्याच्या अहवालासाठी अडकला. अहवाल काय येणार याची कुणालाच धास्ती नव्हती, धास्ती होती ती दिवसांची. कंटेनरवर डेमरेज, म्हणजे बंदरात थांबल्याचे भाडे, चढत होते आणि आत गूळ तापत होता. गुळाची परीक्षा घेणाऱ्याने एक गोष्ट विसरून चालत नाही की गूळ हवेतले पाणी ओढून घेतो. समुद्रकाठच्या दमट हवेत तो माल पाझरू लागला, खोक्यांचे तळ भिजले आणि अहवाल निर्दोष आला तेव्हा माल दोषी झालेला होता. परत आणलेला गूळ देशी बाजारात मिळेल त्या भावाला विकावा लागला. त्या मुलांपैकी एकाने पुढच्या हंगामात मला विचारले, “काका, हीच तपासणी आमच्या गुऱ्हाळातून गाडी निघायच्या आधी झाली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?” मला उत्तर देता आले नाही.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रानेच दुसऱ्या एका पिकात दिलेले आहे. युरोपकडे जाणाऱ्या द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडू लागले, माल नाकारला जाऊ लागला, तेव्हा अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेने २००६ च्या सुमारास ग्रेपनेट ही व्यवस्था सुरू केली. त्यात निर्यातीसाठी बागेची नोंदणी होते, काढणीच्या आधी नमुना बागेतूनच घेतला जातो, आणि पेटीवरच्या क्रमांकावरून ती कोणत्या बागेतली हे सांगता येते. सूरत आणि कुमठ्याच्या काळात हरवलेले शेताचे नाव इथे पुन्हा मालाला जोडले गेले, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. दोष निघालाच तर तो त्या बागेचा राहतो, नाशिक-सांगलीच्या साऱ्या द्राक्षांचा होत नाही. याउलट २०१४ मध्ये काही पेट्यांत फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने १ मेपासून भारतातला सगळाच आंबा बंद केला आणि पुढच्या वर्षीच्या सुरुवातीपर्यंत बंदी उठली नाही. तिथे ‘सुरती’चा न्याय जसाच्या तसा लागू झाला. तरी ग्रेपनेटनेही सगळे सुटले नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशावरून द्राक्षे अडली, कारण आपल्या तपासणीच्या यादीत तो घटकच नव्हता. बागायतदाराने सांगितलेले सगळे पाळले आणि तरीही तो बुडाला. तपासणी कुठे होते याइतकेच, काय तपासायचे हे कोण ठरवतो आणि ते पिकवणाऱ्याला कधी कळते, हेही महत्त्वाचे आहे.

आणि या सगळ्यात इथल्या खाणाऱ्याचा विचार कुठे आहे? २०२४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतातल्या काही मसाल्यांत इथिलीन ऑक्साईड सापडल्याचे जाहीर केले, त्यानंतर आपल्याकडे देशभर मसाल्यांचे नमुने गोळा करण्याची धावपळ झाली. आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यात काय आहे, हे आपल्याला परक्या बंदरावरून कळले. गुळाचेही तसेच आहे. परदेशी नाकारलेला गूळ नष्ट होत नाही, तो परत येतो आणि कुणाच्या तरी घरी शेंगदाण्याच्या लाडवात, बाळंतिणीच्या डिंकात, पोळ्याच्या पुरणात जातो. निर्यातीसाठी एक माप आणि घरासाठी दुसरे, हे दुहेरी माप परक्या राजवटीत समजण्यासारखे होते. स्वतःच्या राज्यात ते चालू ठेवणे ही आपल्या मुलाबाळांशी केलेली प्रतारणा आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की गुळाची पहिली आणि निर्णायक परीक्षा कोल्हापूरच्या बाजार आवारात, सौद्याच्या आधी झाली पाहिजे आणि तिचा निकाल सौद्याच्या पट्टीवर लिहिला गेला पाहिजे. गंधकाचा अंश आणि ओलावा या दोन गोष्टी तपासायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. साखर मिसळली आहे का, हे ओळखणे अधिक अवघड आहे, कारण गुळातही मुळात तीच साखर असते. त्यासाठी निवडक नमुने मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावे लागतील. खर्च खरेदीदाराकडून वसूल होणाऱ्या बाजार फीतून भागवावा, रव्यामागे वेगळे शुल्क लावू नये, नाहीतर १८६३ ची चूक पुन्हा होईल. मर्यादेच्या आत असलेल्या गुळाचा सौदा वेगळ्या रांगेत आणि वेगळा व्हावा, म्हणजे तांबूस पण निर्मळ रव्याची गाठ पिवळ्या रव्याशी पडणार नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बाहेरचा गूळ ‘कोल्हापुरी’ म्हणून विकला जातो ही आपली नित्याची तक्रार आहे. पण मानांकनाच्या मागे तपासलेल्या रव्याची नोंद नसेल तर आपण कोणत्या तोंडाने ती तक्रार करणार?

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला गंभीर वाटतो. तपासणी गुऱ्हाळाजवळ आली की तपासनीसही जवळ येतो, आणि त्याच्यामागे चिरीमिरी, धाकदपटशा, नोटिसा हे सगळे येते. उसाच्या दराने आणि चुलवाणात जाळ घालणाऱ्या जळव्यांच्या टंचाईने आधीच बंद पडत चाललेली गुऱ्हाळे या जाचाने पुरती विझतील, असे अनेक गुऱ्हाळमालक म्हणतात. त्यांची भीती निराधार नाही. कापसाच्या निरीक्षकांविषयीही हीच ओरड होती. म्हणूनच मी गुऱ्हाळावर छापा घालणारा निरीक्षक मागत नाही. नमुना आवारात काढावा, त्यावर नाव न घालता फक्त क्रमांक टाकावा, तपासणाऱ्याला माल कुणाचा हे कळू नये, आणि पहिल्या टप्प्यात निकालाचा परिणाम फक्त भावावर व्हावा, दंडावर नको. ज्या गुळव्याला तांबूस रंगाच्या चोख गुळाला चढा भाव मिळतो हे एका हंगामात दिसेल, तो पुडी स्वतःहून सोडेल. ती पुडी काही त्याला फुकट मिळत नाही.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा आहे. गुजरातेतल्या गिऱ्हाइकाला पिवळाच गूळ हवा, आम्ही त्याला शिकवू शकत नाही, असे ते म्हणतात. अडत्याची अडचण मी समजतो, त्याचा पैसा वर्षभर त्या शीतगृहात गुंतलेला असतो. पण गिऱ्हाइकाला आजवर रंगाशिवाय दुसरे काही दाखवलेच गेलेले नाही, हेही तितकेच खरे आहे. पट्टीवर आकडा आला, तर त्या आकड्यावर बोलणारे गिऱ्हाईक तयार होईल. पुण्या-मुंबईत तांबूस गूळ मुद्दाम शोधून अधिक पैसे देणारी घरे आजच आहेत, फक्त त्यांना विश्वास ठेवावा असा कागद कुणी देत नाही. बंदरावरची तपासणी राहूच दे. पण आवारातला तपासलेला क्रमांक ज्या मालावर आहे त्याचा निर्यातीचा दाखला इथेच मिळावा, आणि धक्क्यावर फक्त तो क्रमांक आणि खोक्यांचे सील पडताळून माल पुढे जावा. निकष ठरवणाऱ्या समितीत गुऱ्हाळमालकांबरोबर काहिलीशेजारी उभा राहणारा गुळव्याही असावा, कारण रसात नेमके काय आणि कोणत्या क्षणी घातले जाते, ते त्याच्याइतके कुणाला ठाऊक नाही.

दिवाळी पाडव्याला आपल्या मार्केट यार्डात नव्या गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. रव्यांना हळद-कुंकू लागते, नारळ फुटतो, पहिला भाव पुकारला जातो आणि तो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतो. बाजार समितीला, अडत्यांना आणि गुऱ्हाळमालकांच्या संघटनांना माझी एवढीच विनंती आहे की येत्या पाडव्याला त्या पहिल्या रव्यांचे नमुने आदल्या दिवशी तपासून घ्यावेत, आणि भाव पुकारण्याआधी त्यातला गंधकाचा आकडा मोठ्याने वाचून दाखवावा.